खेळाडू माझ्या कथेत राहतच नाहीत, काय करू?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या वाचक मैत्रीण 29 वर्षांच्या असून पुण्यात नोकरी करतात. बंगळुरूला असताना त्या ऑफिसमधल्या सहकाऱ्यांबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा कथाखेळ खेळत असत. पुण्यात परतल्यावर कॉलेजच्या चार मित्रमैत्रिणींना त्यांनी या खेळाची गोडी लावली आणि पहिल्यांदाच गेम मास्टरची, म्हणजे खेळ चालवण्याची, जबाबदारी घेतली. दोन महिने खपून त्यांनी तीन राज्ये, त्यांचे देव, एका राणीचा खून आणि त्यामागचे कारस्थान असे साठ पानांचे जग लिहून काढले. गिरणीवाल्याची मुलगी हरवते, तिच्या शोधात पात्रे रानातल्या पडक्या देवळात पोहोचतात आणि तिथे राणीच्या खुनाचा पहिला धागा हाती लागतो, अशी पहिल्या सेशनची योजना होती. प्रत्यक्षात वाटेत गॉब्लिनांच्या, म्हणजे बुटक्या राक्षसांच्या, टोळीशी गाठ पडली. ती लढाई दीड तास चालली आणि विझार्ड, म्हणजे जादूगाराचे पात्र, मरता मरता वाचला. त्याला वाचवण्यासाठी यांनी गेम मास्टरसमोरच्या पडद्याआड टाकलेल्या फाशाचा आकडा बदलून सांगितला. उरलेल्या एका गॉब्लिनला खेळाडूंनी जिवंत पकडले. गावकरीच खोटे बोलत असतील, आपण याच्या सरदाराला भेटू, असे त्यांचे ठरू लागले, तेव्हा यांनी घाबरून ‘याला तुमची भाषा येत नाही’ असे सांगितले. नियम तोंडपाठ असलेल्या मित्राने पुस्तक उघडून गॉब्लिनांना ‘कॉमन’ ही त्या जगातली सामाईक भाषा येते हे दाखवून दिले. मग सरदाराच्या गुहेची वाट दरड कोसळून बंद झाल्याचे यांनी जाहीर केले. पात्रे मुकाट्याने देवळाकडे वळली, पण खेळ त्यानंतर रंगला नाही. एक मैत्रीण तर संध्याकाळभर जेमतेम चार वाक्ये बोलली. आता त्यांचे प्रश्न असे आहेत: खेळाडूंना कथेवर परत कसे आणायचे? नियम पाठ नसताना हे काम घ्यायला नको होते का? फाशाचा आकडा बदलणे ही फसवणूक झाली का? आणि हे आपल्याला जमणारे नाही असे समजून सोडून द्यावे का?

प्रिय मैत्रिणी,

तुमचे पत्र वाचताना मला सर्वांत आधी जाणवले ते असे, की ज्या घटनेला तुम्ही संध्याकाळ बिघडण्याचे कारण मानता, तीच त्या संध्याकाळची सर्वांत चांगली घटना होती. ज्यांनी हा खेळ आयुष्यात प्रथमच हाती घेतला, अशा चार जणांनी शत्रूला मारण्याऐवजी त्याच्याशी बोलावे, ज्यांनी आपल्याला कामगिरी दिली त्यांच्या शब्दावर शंका घ्यावी आणि आपण होऊन तिसरा मार्ग शोधावा, यासाठी अनुभवी गेम मास्टर महिनोन्‌महिने वाट पाहतात. तुमच्या टेबलावर ते पहिल्याच दिवशी घडले. ते तुम्हाला संकट वाटले, कारण कथा आधीच तयार आहे, ती तुमच्या साठ पानांत आहे आणि खेळाडूंनी फक्त तिच्यातून चालत जायचे आहे, असे तुम्ही मनाशी धरून चालला होता. या एका गृहीतकाबद्दल मला सविस्तर बोलायचे आहे, कारण तुमचे बाकीचे बहुतेक प्रश्न त्यातूनच निघालेले आहेत.

हा खेळ ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती बसलेले तीन ते पाच खेळाडू प्रत्येकी एक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. गेम मास्टर जगाचे वर्णन करतो, इतर सर्व माणसांच्या आणि राक्षसांच्या तोंडून बोलतो आणि ‘आता तुम्ही काय करता?’ असे विचारतो. खेळाडू जे करू म्हणतील त्याचा निकाल अनिश्चित असेल, तर वीस बाजूंचा फासा टाकून तो ठरवला जातो. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. आठवड्यामागून आठवडे मिळून एक गोष्ट घडत जाते.

या खेळाच्या जन्मकथेतच तुमच्या पत्राचे उत्तर आहे, म्हणून ती सांगते. 1969 मध्ये अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने आपल्या युद्धखेळांच्या मंडळासाठी एक नवा डाव आखला. नेपोलियनच्या काळातले ब्राउनस्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव, आसपास वावरणाऱ्या फौजा आणि प्रत्येक खेळाडूकडे गावातल्या एकेका माणसाची भूमिका, अशी त्याची रचना होती. खेळाडू मात्र त्याच्या आखणीप्रमाणे वागेनात. ते आपापसांत कट करू लागले, कोपऱ्यात जाऊन कुजबुजू लागले आणि दोघांनी तर द्वंद्वयुद्धच पुकारले, ज्याचा एकही नियम वेस्लीकडे नव्हता. तो त्याला जागच्या जागी तयार करावा लागला. डाव पुरता फसला अशीच त्याची समजूत झाली होती. खेळाडू मात्र असा डाव पुन्हा कधी मांडणार म्हणून त्याच्यामागे लागले. वेस्लीच्या या डावांत खेळणाऱ्या डेव्ह आर्नेसनने पुढे त्याच पद्धतीने ‘ब्लॅकमूर’ नावाचे आपले काल्पनिक राज्य चालवले, आणि त्याने व गॅरी गायगॅक्सने मिळून 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केले. खेळाडू आखणीबाहेर गेले आणि पंचाने त्यांना अडवण्याऐवजी त्यांच्यासाठी नियम बनवला, त्या क्षणातून हा सारा छंद उभा राहिला आहे. तुम्ही त्याच क्षणी येऊन पोहोचला होता. फक्त तुम्ही दरड कोसळवलीत.

तेव्हा ‘खेळाडूंना कथेवर परत कसे आणायचे’ हा प्रश्नच आपण बाजूला ठेवू. त्याऐवजी असे विचारा: खेळाडू कुठेही गेले तरी मला पुढे बोलता यावे, यासाठी माझ्याजवळ काय तयार असायला हवे? प्रसंगांची क्रमवार मालिका तयार ठेवली, तर खेळाडूंचा एक निर्णय ती तोडतो. परिस्थिती तयार ठेवली, तर कोणताही निर्णय तिच्यात सामावतो. परिस्थिती म्हणजे या भागात कोण कोण आहेत, त्यांतल्या प्रत्येकाला काय हवे आहे, त्याला कशाची भीती वाटते आणि नायकांनी काहीच केले नाही तर येत्या आठवड्यात काय घडेल, एवढेच.

तुमचेच उदाहरण घेऊ. गॉब्लिनांचा सरदार तुमच्या साठ पानांत फक्त वाटेतला अडथळा होता, म्हणून खेळाडू त्याच्याकडे निघाले तेव्हा तुम्हाला त्याच्या तोंडी घालायला एक शब्दही सापडला नाही. समजा, तुम्ही त्याच्याविषयी एवढेच लिहून ठेवले असते: हिवाळा तोंडावर आहे आणि टोळीकडे धान्य नाही; गिरणीवाला चोरून धान्य विकतो हे त्याला माहीत आहे; देवळात रात्री येणाऱ्या काळ्या झग्यातल्या माणसांची त्याला दहशत बसली आहे. या तीन ओळींवर एक संपूर्ण सेशन चालू शकते. खेळाडू त्याच्याशी सौदा करतील, त्याला फसवतील, त्याच्यावर हल्ला करतील किंवा त्याला घेऊन गावच्या पंचांसमोर उभे राहतील; यांपैकी काहीही झाले तरी सरदाराला काय हवे हे ठाऊक असल्यामुळे तो काय म्हणेल हे तुम्हाला आपोआप सुचेल. गावकऱ्यांचेही तसेच. नायक गॉब्लिनांशी हातमिळवणी करून परतले हे पाहून काही दारे बंद होतील, एखादी म्हातारी मात्र रात्री हळूच येऊन खरे काय ते सांगेल. निर्णय त्यांचा आणि त्याचे प्रामाणिक परिणाम तुमचे, अशी ही वाटणी आहे. ती एकदा मनाशी पक्की झाली, की पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक नाही याची भीती वाटेनाशी होते आणि त्याचीच उत्सुकता वाटू लागते.

कोकणातल्या दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते, कोणाचा कोणाशी कशावरून झगडा आहे हे नटांना माहीत असते आणि संवाद रंगमंचावर उभे राहिल्यावरच सुचतात. गेम मास्टरची तयारी त्या जातीची असावी असे मला वाटते. पुढच्या सेशनसाठी फक्त एक कागद घ्या. त्यावर तीन-चार महत्त्वाच्या व्यक्ती आणि त्यांच्या गरजा लिहा. दोन-तीन ठिकाणे लिहा आणि प्रत्येक ठिकाणी डोळ्यांना, नाकाला किंवा कानाला जाणवेल अशी एखादी गोष्ट नोंदवा. लागू शकतील त्या शत्रूंचे आकडे एका कोपऱ्यात उतरवून ठेवा. आणि दहा नावांची यादी नक्की करा, कारण खेळाडू नेमके ज्याचे नाव तुम्ही ठरवलेले नाही त्याच भटियाऱ्याचे नाव विचारतात आणि तिथे अडखळलात, की हा माणूस बिनमहत्त्वाचा आहे हे त्यांना लगेच कळते. सेशन संपताना मात्र एक प्रश्न विचारायला विसरू नका: ‘पुढच्या वेळी तुम्ही कुठे जाणार, काय करणार?’ या एका प्रश्नाने तुमची निम्मी मेहनत वाचेल. ते सरदाराकडे जाणार हे तुम्हाला आठवडाभर आधी कळले, तर गुहा तयार करायला आठवडा मिळतो.

मग त्या साठ पानांचे काय, हे तुमच्या मनात आले असणार. ती फाडू नका. जग लिहिण्यात स्वतंत्र आनंद आहे आणि तो तुम्ही घेतला आहे. फक्त ती वाचून दाखवण्याचा मोह टाळा. खेळाडूंना इतिहासाची व्याख्याने लक्षात राहत नाहीत; ज्या वस्तूला त्यांनी हात लावला, ज्या माणसाशी ते भांडले, ते त्यांना वर्षांनंतरही आठवते. राणीच्या खुनाचा धागा देवळातच सापडला पाहिजे असेही नाही. राणीच्या मोहरेची अंगठी सरदाराच्या लुटीत असू शकते, गिरणीवाल्याच्या गल्ल्यात असू शकते किंवा त्या म्हातारीच्या बोलण्यातून तिचा पत्ता लागू शकतो. अनुभवी गेम मास्टरांमध्ये एक उपयुक्त संकेत रूढ आहे: जी गोष्ट खेळाडूंना कळायलाच हवी, तिच्याकडे नेणारे किमान तीन दुवे ठेवावेत, कारण एक त्यांच्या नजरेतून सुटतो आणि दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात.

यात एक मर्यादा मात्र मी पाळते आणि तुम्हीही पाळावी असे मला मनापासून वाटते. अजून कोणाला न दिसलेला दुवा एका जागेवरून दुसरीकडे हलवणे योग्य आहे. पण खेळाडूंनी विचार करून जो धोका टाळला, तोच धोका दुसऱ्या वाटेवर आणून ठेवणे योग्य नाही. नदीकाठच्या रस्त्यावर डाकू आहेत असे ऐकून ते डोंगरातून गेले आणि तेच डाकू डोंगरात भेटले, तर त्यांच्या निवडीला काहीही किंमत उरली नाही. खेळाडूंना हे फार लवकर उमगते आणि मग ते निवड करणेच सोडून देतात. दरड कोसळल्यानंतर तुमच्या टेबलावर जी मरगळ आली ती याचीच होती.

ही दरड आता उपसून काढणे अवघड नाही. पुढच्या सेशनच्या सुरुवातीलाच सरळ सांगा: ‘मागच्या वेळी तुम्ही सरदाराकडे जायचे म्हणालात आणि माझी तयारी नव्हती म्हणून मी वाट बंद केली. ती वाट आता मोकळी आहे. तुम्हाला अजून जायचे आहे का?’ मित्रमैत्रिणींच्या खेळात एवढा मोकळेपणा पुरेसा असतो. गुहेच्या वाटेवरून मागे फिरण्याच्या क्षणापासून पुन्हा सुरू करायचे, की देवळात जे सापडले ते गृहीत धरून पुढे जायचे, हे चौघांनाच ठरवू द्या.

आता फाशाविषयी. तुम्ही आकडा बदललात तो दयेपोटी आणि त्याला फसवणूक असा कठोर शब्द मी वापरणार नाही. या प्रश्नावर अनुभवी मंडळींतही दोन तट आहेत. काहींच्या मते पडदा असतोच त्यासाठी. माझे मत विरुद्ध आहे, आणि त्याचे कारण नैतिक असण्यापेक्षा व्यावहारिक आहे: एकदा आकडा बदलला, की पुढचे प्रत्येक मरण तुमचा निर्णय ठरते आणि प्रत्येक विजयावर शंकेची सावली पडते. शिवाय त्या वेळी आकडा बदलण्याची गरजही नव्हती. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या, विझार्डचे हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजणारे गुण, असतात 6 आणि त्यात कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर, म्हणजे काटकपणाची भर, तर गॉब्लिनचा एक साधा वार 3 ते 8 हिट पॉइंट नेतो. म्हणजे एका-दोन वारांत विझार्ड आडवा होणे हे तुमच्या चुकीचे लक्षण नाही. पहिली लेव्हल तेवढी नाजूक असतेच. पण शून्यावर येणे म्हणजे बहुतेक वेळा लगेच मरणे नव्हे. पात्र बेशुद्ध पडते आणि आपल्या प्रत्येक पाळीला डेथ सेव्हिंग थ्रो, म्हणजे जगते की मरते हे ठरवणारा फासा, टाकते. 10 किंवा अधिक आकडा पडला तर यश, तीन यशांनंतर ते स्थिर होते, तीन अपयशांनंतर मरते. दरम्यान क्लेरिकने, म्हणजे देवाच्या उपासक पात्राने, एक उपचाराचा स्पेल (मंत्र) टाकला तरी ते उठून बसते. ‘तो कोसळला आहे, आता तुम्ही काय करता?’ या प्रश्नाने टेबल जितके एकवटते, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने एकवटते. आणि फाशाला हात न लावताही दया दाखवता येते, कारण गॉब्लिनांनी काय करायचे हे तुमच्याच हातात आहे. जवळून केलेल्या वाराने शत्रू शून्यावर आला, तर वार करणारा त्याला ठार करण्याऐवजी नुसता बेशुद्ध करू शकतो, असा नियमच आहे. त्यांनी विझार्डला ओढत गुहेकडे नेले असते, तर सरदाराची भेट आपोआप ठरली असती. यापुढे महत्त्वाचे फासे सगळ्यांसमोर टाका, एवढेच सुचवते.

फासे कधी टाकायचे, हेही त्याच ओघात सांगते. यश आणि अपयश या दोन्हींतून काहीतरी रोचक घडणार असेल तरच टाका. साधारण अडचणीच्या कामासाठी 15 हा आकडा गाठायचा असतो. त्या कामात तरबेज असलेल्या पहिल्या लेव्हलच्या पात्राला सहसा 5 ची भर मिळते, म्हणजे त्याच्या यशाची शक्यता 55 टक्के, आणि काहीच भर नसलेल्याची 30 टक्के. कथा पुढे सरकण्यासाठी जे सापडायलाच हवे, ते अशा एका फाशाच्या भरवशावर सोडू नये.

नियम पाठ असलेल्या मित्राला तुम्ही पत्रात नकळत प्रतिस्पर्धी केले आहे. गॉब्लिनच्या भाषेबाबत त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि त्याने पुस्तक उघडले ते तुम्हाला पाडण्यासाठी नव्हे, तर त्या गॉब्लिनशी बोलायची त्याला खरोखर इच्छा होती म्हणून, असे मला पत्रावरून वाटते. गेम मास्टरला सर्व नियम यावेत अशी अपेक्षा कोणीही करत नाही. वीस बाजूंचा फासा, त्यात भर, गाठायचा आकडा. अनुकूल स्थितीत दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, प्रतिकूल स्थितीत लहान. पाळीला एक चाल आणि एक कृती. एवढ्यावर पहिले काही महिने निभावतात. बाकीचे नियम त्या मित्राकडे सोपवा. ‘नियमाची शंका आली की मी तुला विचारीन, तू मिनिटभरात सांगितलेस तर तसे करू, नाहीतर मी तात्पुरता निर्णय देईन आणि सेशन संपल्यावर आपण मिळून पुस्तक पाहू,’ असे त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. तुमचा तात्पुरता निर्णय पुढे चुकीचा ठरला, तर पुढच्या वेळेपासून नियम बदलतो. झालेला खेळ मात्र मागे फिरवायचा नाही. हा करार मोडला जाणार नाही याची काळजी तुम्हा दोघांनाही घ्यावी लागेल, आणि इतर खेळाडूंनी काय करावे हे तो सांगू लागला तर त्याला एकांतात, प्रेमाने थांबवावे लागेल.

लढाई दीड तास चालली याचे फार वाईट वाटून घेऊ नका. नवख्या टेबलावर तेवढा वेळ लागतो. सगळ्या गॉब्लिनांसाठी एकच इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणारा फासा, टाका, पुढची पाळी कोणाची हे आधीच पुकारा, वार आणि हानीचे फासे एकदम टाकायला सांगा. आणि निम्मी टोळी पडली की उरलेल्यांना पळू द्या. जिवावर उदार होऊन शेवटपर्यंत लढण्याचे गॉब्लिनांना काहीच कारण नसते.

गप्प राहिलेल्या मैत्रिणीचा तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे, पण मला तिची अधिक काळजी वाटते. ती कंटाळली होती असे तुम्ही समजता. तसे असेलच असे नाही. काही माणसांना ऐकण्यात, पाहण्यात खरोखर आनंद मिळतो आणि ती पुढच्या वेळी सर्वांत आधी येऊन बसतात. काहींना बोलायचे असते, पण मोठ्या आवाजाच्या मित्रांमध्ये जागा सापडत नाही. काहींना आपल्या पात्राला नेमके काय करता येते हेच कळलेले नसते आणि ते विचारण्याचा संकोच वाटतो. यांपैकी काय आहे हे टेबलावर सर्वांसमोर न विचारता, फोनवर किंवा चहाला भेटून विचारा. खेळताना तिला ‘तू काय करतेस?’ असा मोकळा प्रश्न टाकू नका; नवख्या माणसाला तो परीक्षेतल्या प्रश्नासारखा जड जातो. त्याऐवजी तिच्या पात्राला काहीतरी द्या: ‘दारामागे कोणीतरी श्वास रोखून उभे आहे, हे फक्त तुझ्या चोराला ऐकू आले. बाकीच्यांना सांगतेस, की आधी स्वतः कुलूप पाहतेस?’ मग तिचे उत्तर येईपर्यंत थांबा आणि इतरांनाही थांबवा. ती शांतता तुम्हाला लांबलचक वाटेल, पण ती भरून काढण्याची घाई करू नका.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि ती पहिल्या सेशनच्या आधी व्हायला हवी होती: कोणता खेळ खेळायचा यावरची चर्चा. खेळाडू तिला सेशन झीरो म्हणतात. ती आताही करता येईल. हा खेळ शौर्यगाथेसारखा हवा की राजकारणाचा, हसतखेळत की भयाण? पात्रे भली असावीत, की गॉब्लिनांच्या बाजूने गावावर चालून गेलेलीही चालतील? कोणते विषय कोणाला नको आहेत? हा शेवटचा प्रश्न संकोचून टाळू नका. तुमच्या कथेत एक मुलगी हरवलेली आहे आणि खेळाडूंच्या हाती एक कैदी आहे. मुलांवरचे अत्याचार किंवा कैद्याचा छळ टेबलावर नको, असे कोणाला वाटत असेल तर ते खेळ सुरू होण्याआधी कळायला हवे. खेळता खेळता कोणाला अस्वस्थ वाटले, तर नुसता हात वर करावा, कारण विचारले जाणार नाही आणि प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचे, एवढा नियम करून ठेवा. त्याच चर्चेत वार आणि वेळ ठरवा आणि एक जण आला नाही तरी तिघांबरोबर खेळायचे हेही ठरवून टाका. चौघांच्या सवडीची वाट पाहत अनेक टेबले कायमची थांबलेली मी पाहिली आहेत.

तुमच्यासारखेच जे वाचक पहिल्यांदा गेम मास्टर होऊ पाहत आहेत, त्यांना माझी सूचना अशी, की सुरुवात स्वतःच्या जगापासून न करता एखाद्या छोट्या, छापील साहसापासून करावी आणि त्यातही हवे ते बदल करावेत. मूळ नियम फुकट मिळतात. पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना वापरायला खुला आहे. सात फाशांचा एक संच, कागद, पेन्सिल आणि तीन तासांची सवड एवढे भांडवल पुरते. टेबलावर मराठी बोलायला बिलकूल कचरू नये. हिट पॉइंट, स्पेल, इनिशिएटिव्ह हे शब्द आहेत तसेच राहू द्यावेत, पण गिरणीवाल्याने आणि म्हातारीने तुमच्या रोजच्या बोलीत बोलावे. प्रसंगाला लगेच धार येते. आवाज बदलता येत नसेल तरी बिघडत नाही. ‘म्हातारा चिडून म्हणतो, की त्याने काही पाहिले नाही, पण तो तुमच्या नजरेला नजर देत नाही,’ असे सांगितले तरी पुरेसे आहे. हाच खेळ खेळून दाखवणाऱ्या, 2015 पासून चालू असलेल्या ‘क्रिटिकल रोल’सारख्या कार्यक्रमांशी आपली तुलना तर कोणीच करू नये, तिथे टेबलाभोवती बसलेले लोक व्यावसायिक आवाज-कलाकार आहेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. हे काम सोडून देण्याचा निर्णय तुम्ही एका सेशनवरून घेऊ नये. निदान सरदाराची भेट तरी होऊ द्या, कारण ती तुमच्या खेळाडूंनी मागितलेली आहे आणि त्यांनी मागितलेल्या गोष्टीवर खेळ चालवण्याचा अनुभव तुम्ही अजून घेतलेलाच नाही. त्यानंतरही तयारीचे ओझे आनंदापेक्षा जड वाटले, तर तसे त्यांना सांगा. संध्याकाळ चांगली जाण्याची जबाबदारी पाचही जणांची आहे, तुमच्या एकटीची नाही. मला तर वाटते, दोन-तीन महिन्यांनी त्या नियमवाल्या मित्राने एखाद्या रविवारी, एकाच सेशनमध्ये संपणारे पहिल्या लेव्हलचे साहस चालवून पाहावे आणि तुम्ही त्याच्या टेबलावर पात्र घेऊन बसावे. त्याला गेम मास्टरच्या खुर्चीतून खेळ कसा दिसतो ते कळेल आणि तुम्हाला बऱ्याच दिवसांनी खेळायला मिळेल. पात्र निवडताना त्या गप्प मैत्रिणीला विचारा. तिच्या पात्राशी जोडी जमेल असे काहीतरी घ्या.